वाचकांचे प्रश्न : कूपनं, निळ्या चकत्या आणि बारा बाजूंचं नाणं

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडावर लेख आला आणि पत्रांचा ढीग पडला. बरेच प्रश्न एकसारखे होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

ब्रॅम्प्टनमध्ये आम्ही घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात एक पत्र्याचा डबा मिळाला. आत कूपनांची अर्धी फाडलेली पुस्तिका आणि मधोमध भोक असलेल्या निळ्या चकत्या आहेत. हे काय? आणि गव्हाची कोठारं भरलेल्या देशात रेशन कशाला लागलं? (ब्रॅम्प्टन, कॅनडा)

पुस्तिका रेशनची आहे. चकत्या म्हणजे मांसाच्या कूपनाची मोड. पूर्ण कूपनाइतकं मांस घेतलं नाही तर खाटीक उरलेल्या हिश्श्याच्या चकत्या परत द्यायचा. त्या धातूच्या नाहीत, दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या तंतूंच्या आहेत. पाण्यात टाकू नका, फुगतात. त्यांच्यावरून डब्याचा काळही सांगता येतो. कॅनडात मांसाचं रेशन मे १९४३मध्ये सुरू झालं, मार्च १९४४मध्ये थांबवलं आणि सप्टेंबर १९४५मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, पुन्हा आलं. युरोप उपाशी होता, त्याला खायला घालायचं होतं. चकत्या या दुसऱ्या खेपेच्या. मार्च १९४७ला मांसाचं रेशन उठलं. तेव्हा चकत्या असलेला डबा युद्धानंतर भरलेला आहे.

आता रेशन का ते. कॅनडात गव्हाला तोटा नव्हता, जहाजांना होता. साखर, चहा, कॉफी सगळं समुद्रावरून यायचं आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या टपलेल्या. साखरेवर १९४२च्या जानेवारीत आधी ‘आपणहून कमी घ्या’ असं सांगून पाहिलं, जुलैपासून कूपन लावलं : माणशी आठवड्याला अर्धा पौंड, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम. ऑगस्टमध्ये चहा-कॉफी आली : आठवड्याला चहा १ औंस किंवा कॉफी ४ औंस. डिसेंबरात लोणी, तेही साधारण अर्धा पौंड. १९४३मध्ये मुरंबे, मध, काकवी यांनाही कूपन लागलं.

आपल्या मापाने बघा. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम चहा पावडर. कपाला दोन ग्रॅम धरली तर आठवड्याचे चौदा कप, दिवसाला दोन. त्यात पाहुण्याचा कप कुठून काढणार? कपाला दोन चमचे साखर घातली तर हप्त्याची जवळपास निम्मी साखर चहातच गेली. गंमत म्हणजे चहाच्या बाबतीत इंग्लंडचा माणूस कॅनडियनपेक्षा सुखी होता, त्याला २ औंस मिळत. लोण्याच्या बाबतीत मात्र त्याला २ औंसांवर भागवावं लागे, कॅनडात ८.

कागदी कूपनं चालली, कारण साखळी उलट्या दिशेनेही फिरत होती. गिऱ्हाईक कूपन देतं, दुकानदार ती जमवतो आणि तेवढी कूपनं पुढे भरली तरच त्याला ठोक व्यापाऱ्याकडून नवा माल मिळतो. १९४३पासून ही कूपनं चक्क बँकेत खात्यावर भरली जात, पैशांसारखी. दुकानदाराने ओळखीपाळखीवर कूपनाशिवाय साखर सोडली की पुढच्या खेपेला त्याचंच पोतं तेवढ्याने हलकं. ‘कंट्रोलचा माल मागच्या दाराने’ हा प्रकार तिथे अजिबात झाला नाही असं नाही, पण दुकानदाराच्याच पोटावर पाय येत असल्याने त्याला लगाम बसला.

भावांचा कंट्रोल वेगळा. युद्धकालीन भाव व व्यापार मंडळाने १ डिसेंबर १९४१पासून भाव गोठवले. प्रत्येक दुकानाने १५ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर १९४१ या चार आठवड्यांत जास्तीत जास्त जो भाव लावला असेल तोच त्याचा कमाल भाव. त्यामुळे शेजारच्या दोन दुकानांत एकाच वस्तूला दोन कायदेशीर भाव असू शकत. गृहिणी भाव टिपून ठेवत आणि जादा घेतलं की मंडळाकडे कळवत. पळवाट निघाली ती मालात : भाव तोच, कापड पातळ, पाव लहान.

युद्धात कॅनडा इंग्लंडच्या मागोमाग आपोआप ओढला गेला, असं एका गाइडमध्ये वाचलं. बरोबर आहे का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

पहिल्या महायुद्धाबाबत बरोबर, दुसऱ्याबाबत चूक. १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानंतर निर्णय ओटावाच्या, म्हणजे कॅनडा सरकारच्या, हाती होता. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध पुकारलं. कॅनडाच्या संसदेचं खास अधिवेशन ७ तारखेला भरलं आणि कॅनडाची घोषणा १० सप्टेंबरला झाली. आपल्याकडे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणाला न विचारता ३ तारखेलाच भारताला युद्धात ढकललं होतं. उत्तरपत्रिकेत हे दोन्ही शेजारी शेजारी लिहा, फरक आपोआप दिसतो.

आजोबांच्या पेटीत कॅनडाचं १९४३चं पाच सेंटचं नाणं मिळालं. रंग पितळी, बारा बाजू. खरं आहे का, आणि स्वच्छ कसं करू? (कोल्हापूर)

खरं असण्याची शक्यता भरपूर, ही नाणी मुळीच दुर्मीळ नाहीत. स्वच्छ मात्र करू नका. चिंच-मीठ, लिंबू, राख, देवाची भांडी घासायची पावडर, काही नको. घासलेलं नाणं संग्राहक हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. कोमट पाण्यात बुडवा, मऊ कापडाने टिपा, संपलं.

आधी हे नाणं निकेलचं आणि गोल असायचं. निकेल चिलखती पोलादाला लागायला लागलं, म्हणून १९४२मध्ये टोंबॅक वापरलं : ८८ टक्के तांबं, १२ टक्के जस्त. ते काळवंडलं की तांब्याच्या एका सेंटसारखं दिसेल ही भीती, म्हणून बारा बाजू. बोटांना अंधारातही कळावं. १९४२च्या नाण्यावर नेहमीचा बीव्हर हा प्राणी आहे. १९४३मध्ये बीव्हर जाऊन विजयाचा ‘व्ही’ आणि मशाल आली. १९४४मध्ये तांब्याचीही चणचण भासली आणि क्रोमचा मुलामा दिलेलं पोलाद आलं. १९४६ला पुन्हा निकेल, पुन्हा बीव्हर.

तपासायला लोहचुंबक घ्या. टोंबॅक चिकटत नाही. १९४४-४५चं पोलादी नाणं चिकटतं. जुनं निकेलचंही चिकटतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते ‘लोखंडी, म्हणजे नकली’ म्हणून टाकून देतात. पोलादी नाण्याच्या काठावर गंज दिसला तरी घाबरू नका. मुलामा आधी पत्र्यावर चढवून मग चकत्या कापल्या, त्यामुळे कड उघडीच राहिली.

आता भिंग घ्या आणि व्हीच्या बाजूची कड बघा. दातऱ्यांच्या जागी टिंबं आणि रेघा आहेत, तो मोर्स कोड आहे. ‘आपण राजीखुशीने राबतो तेव्हा जिंकतो’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, आणि त्याचा प्रत्येक शब्द डब्ल्यूने सुरू होतो. मोर्समध्ये डब्ल्यू म्हणजे एक टिंब, दोन रेघा. हा तुकडा सहा वेळा सापडला की वाक्य पुरं. खिशातल्या चिल्लरवर एवढं बारीक कोणी वाचलं असेल का, हा प्रश्न आम्हालाही पडतो.

युद्धकैद्यांना कॅनडातून रेडक्रॉसची पार्सलं जात, असं लेखात होतं. त्यात नेमकं काय असे आणि छावणीत ते शिजवत कसे? (ठाणे)

एक खोकं साधारण ११ पौंडांचं, पाच किलोचं, एका माणसाला एक आठवडा असा हिशेब. आत : ‘क्लिम’ दूध पावडर ४५४ ग्रॅम, लोणी ४५४, मुरंबा ४५४, कडक बिस्किटं ४५४, डबाबंद बीफ ३४०, डुकराचं मांस २८३, सामन मासा २२७, सार्डिन ११३, चीज ११३, साखर २२७, चॉकलेट १४२, शिवाय मनुका, सुकवलेले प्लम, चहा किंवा कॉफी, मीठ-मिरी आणि साबणाची वडी. खोकी भरणाऱ्या बहुतेक स्वयंसेवक बायका होत्या. युद्ध संपेपर्यंत अशी जवळजवळ १ कोटी ६५ लाख खोकी रवाना झाली. समुद्राने लिस्बन, तिथून मार्सेय, मग जिनिव्हाच्या रेडक्रॉसमार्फत रेल्वेने छावण्यांत.

हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात गाड्या अडकल्या की एक खोकं दोघांत, कधी चौघांत. दुसरी अडचण पहारेकऱ्यांची : पळून जाण्यासाठी साठा होऊ नये म्हणून ते डब्यांना भोकं पाडून देत. भोक पडलेला मासा त्याच दिवशी संपवावा लागे. म्हणून खाण्याची रांग ठरलेली : भोकं पडलेले डबे आधी, बिस्किटं-चॉकलेट शेवटी. बिस्किटं दगडासारखी, पण रात्रभर पाण्यात ठेवली की फुगून दुपटीला येत. त्यात क्लिम आणि मनुका घातल्या की खिरीच्या जवळपास जाणारं काहीतरी तयार होई.

क्लिम म्हणजे दुधाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी. पावडर संपली की डबा जास्त मोलाचा. जळण मूठभर काटक्या, कोळशाचा चुरा नाहीतर पुठ्ठा, म्हणून कैद्यांनी हाताने फिरवायची भट्टी काढली. डबे उकलून पत्रा सरळ करायचा, कडा एकमेकींत दुमडून ठोकायच्या, डाख लागत नाही. एका डब्यात पत्र्याची पाती बसवून पंखा. त्याच्या दांड्याला छोटी कप्पी, शेजारी हँडल लावलेलं मोठं चाक, दोघांना जोडणारा पट्टा म्हणजे बुटाची नाडी. पंख्याचा वारा पत्र्याच्या बंद पन्हळीतून विस्तवाच्या वाटीखाली न्यायचा. चाक जितकं मोठं आणि कप्पी जितकी लहान, तितका पंखा वेगात. बिघडायचं दोन ठिकाणी : नाडी ढिली पडून घसरे, आणि पन्हळीच्या सांध्यातून वारा निसटे. सांधे घट्ट असले तर मूठभर काटक्यांवर चहाचं आधण येई. स्टालाग लुफ्ट ३ या छावणीतल्या प्रसिद्ध भुयारांत हवा खेळवायची नळीसुद्धा क्लिमचे डबे एकात एक जोडूनच केली होती.

सार्डिनच्या डब्याची किल्लीही फेकत नसत. १९ ऑगस्ट १९४२च्या फ्रान्समधल्या दिएपच्या हल्ल्यात १,९४६ कॅनडियन पकडले गेले. त्या ऑक्टोबरपासून जर्मनांनी त्यांचे हात बांधायला सुरुवात केली आणि हे वर्षभर चाललं. बेड्या आल्यावर त्या याच किल्लीने उघडत आणि पहारेकरी यायच्या आत परत चढवत.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान आणि कॅनडियन एकत्र लढले का? (सातारा)

इटलीत, हो. मराठ्यांची पहिली बटालियन ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. डिसेंबर १९४३मध्ये ऑर्तोना शहरासाठी कॅनडियन घराघरातून लढत होते, तेव्हा त्यांच्या डाव्या अंगाला व्हिला ग्रांदेपाशी हीच डिव्हिजन होती. मे १९४४मध्ये गारी नदी ओलांडताना तिच्या मदतीला कॅनडियन रणगाडे दिले होते. तिथला पूल बघण्यासारखा : बुरूज काढलेल्या एका रणगाड्याच्या पाठीवर तयार बेली पूल (सुटे लोखंडी भाग जोडून केलेला) ठेवला, मागून दुसऱ्या रणगाड्याने ढकलला, पुढचा सरळ पात्रात उतरला आणि पूल पलीकडच्या काठाला टेकला. १९४५चा हिवाळा कॅनडियनांनी सेनियो नदीच्या काठी काढला. ते हॉलंडकडे गेल्यावर त्याच नदीवर ९ एप्रिलला याच मराठा बटालियनच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

याच प्रश्नाची दुसरी बाजू. १९४३मध्ये बंगालात माणसं अन्नावाचून मरत असताना कॅनडाने १ लाख टन गहू देऊ केला होता. चर्चिल यांनी जहाजं नसल्याचं कारण दिलं आणि तो निघालाच नाही.

युद्धात कॅनडातल्या सगळ्यांना सारखी वागणूक मिळाली का? (पुणे)

नाही. १९४२मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापासून १०० मैलांतल्या सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावली. बहुतेक कॅनडाचेच नागरिक. अनेकांना आधी व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, प्रदर्शनातल्या गुरांच्या गोठ्यात ठेवलं. सुमारे १,२०० मासेमारी बोटी जप्त झाल्या. घरं-जमिनी सरकारनेच विकल्या आणि ते पैसे त्यांच्याच नजरकैदेच्या खर्चाला लावले. किनाऱ्यावर परतायची परवानगी १ एप्रिल १९४९ला मिळाली; माफी आणि हयात असलेल्यांना माणशी २१,००० डॉलर १९८८मध्ये. त्याच प्रांतातल्या भारतीयांना मताचा हक्क १९४७पर्यंत नव्हता.

एका कॅनडियन सैनिकाचं जुनं पत्र माझ्याकडे आहे. त्याची नोंद कशी शोधू? (मुंबई)

पत्रावरचा सेवा क्रमांक शोधा, नावापेक्षा तो भरवशाचा. एकाच नावाचे डझनभर निघतात, क्रमांक एकाचाच. स्थलसेनेत पुढचं अक्षर भरतीचा भाग सांगतं : बी टोरांटो, डी माँट्रियल, एफ नोव्हा स्कोशिया, एच मॅनिटोबा, के ब्रिटिश कोलंबिया, एम अल्बर्टा. क्रमांकात डब्ल्यू नसेल ना, तेही बघा; असेल तर तो सैनिक नव्हे, सैनिका.

तो माणूस युद्धात दगावला असेल तर ‘लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा’च्या संकेतस्थळावर त्याची फाइल खुली आहे. परत आला असेल तर अर्ज करावा लागतो. मृत्यूला २० वर्षं उलटली असतील तर मृत्यूचा पुरावा जोडला की कुणालाही मिळते. त्याआधी फक्त जवळच्या नातेवाइकाला. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख आणि क्रमांक तिन्ही लिहा. उत्तराला महिने लागतात. तोवर पाकिटावरचं तिकीट सोडवू नका. टपालाचा शिक्का अर्धा त्याच्यावर, अर्धा पाकिटावर असतो, आणि बहुधा तारीख तिथेच वाचता येते.