सरासरी: कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत?

नाशिकरोडला राहून एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. गणितातल्या ‘एर्गॉडिक थिअरी’वर, म्हणजे सतत बदलत राहणाऱ्या रचनांच्या दीर्घकाळातल्या सरासऱ्यांच्या अभ्यासावर, ती मराठीत टिपण लिहिते आहे. त्यात दोन सरासऱ्या येतात, एक काळावरून काढलेली, दुसरी समूहावरून. दोन्हींना नुसतं ‘सरासरी’ म्हणायचं का? आणि ‘एर्गॉडिक’ला ‘सर्वसंचारी’ चालेल का?

आधी सरासरी. शब्द फारसीतला. ‘सर’ म्हणजे डोकं, टोक, सरदारमधला तोच. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या ‘बरोबर’ची घडणही अशीच: ‘बर’ म्हणजे छाती, ‘बराबर’ म्हणजे छातीला छाती. हिंदीतला ‘औसत’ अरबी, त्याचा मूळ अर्थ मधला. मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण तो ऐकला की विचारावंसं वाटतं, कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत?

एर्गॉडिक थिअरीचा मूळ प्रश्न नेमका हाच आहे. माझे मामा निफाड तालुक्यातले. कांद्याची ट्रॉली लासलगावला नेली की त्या दिवशीच्या भावाचे तीन आकडे कळतात: किमान, कमाल, सरासरी. ही सरासरी यार्डातल्या सगळ्या ट्रॉल्यांची. मामांच्या दहा वर्षांच्या हिशोबपट्ट्या काढून बसलं, तर निघेल ती दुसरीच सरासरी. दोन्ही जुळण्याचं कारणही नाही. दरवर्षी जमीन तीच, माल साधारण त्याच प्रतीचा. म्हणून एकाच माणसाच्या वाट्याला सगळे भाव येत नसतात.

म्हणून मी ‘कालसरासरी’ आणि ‘समूहसरासरी’ सुचवेन. इंग्रजी ‘स्पेस ॲव्हरेज’चं शब्दशः ‘अवकाशसरासरी’ नको, गणिताबाहेरच्या वाचकाला अवकाश म्हटलं की यान आठवतं. फारसी-संस्कृत जोड खटकत असेल, तर अरबी ‘जिल्हा’ला संस्कृत ‘अधिकारी’ जोडून ‘जिल्हाधिकारी’ आपण रोज म्हणतोच.

या दोन सरासऱ्या जिथे एकच निघतात ती रचना एर्गॉडिक. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमान यांची, वायूच्या कणांसाठी. दोन्ही सरासऱ्या कुठल्या अटीवर एक होतात, याची गणिती सिद्धता गणितज्ञ बर्कहॉफ यांनी 1931 मध्ये दिली. वहीत करून बघण्यासारखं उदाहरण देते. 1 पासून दुप्पट करत जा: 1, 2, 4, 8, 16, 32, 64, 128... पहिल्या 100 संख्यांपैकी किती 1 ने सुरू होतात? मोजायचीही गरज नाही. एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी, अशा प्रत्येक लांबीची 1 ने सुरू होणारी संख्या यात एकदाच येते, आणि शंभरावी संख्या 30 अंकी आहे. म्हणजे 100 पैकी 30, अर्थात 0.30. ही कालसरासरी. आता दुप्पट करणं विसरा. लॉगॅरिदमच्या चक्रावर (1 ते 10 मिळून एक पूर्ण फेरा, त्याची लांबी 1) 1 ते 2 हा भाग केवढा, एवढंच बघा: 0.30103. ही समूहसरासरी. पायऱ्या वाढवत न्या, पहिला आकडा दुसऱ्याला जाऊन मिळतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वही मिटवेना.

टिपणात ‘जवळजवळ प्रत्येक सुरुवातीसाठी’ हे शब्द येतीलच. मराठीत ‘जवळजवळ’ म्हणजे अंदाजे. इथे अर्थ काटेकोर आहे: अपवाद असतील, पण त्यांची संभाव्यता शून्य. ते तसं उघड लिहा.

‘सर्वसंचारी’ कानाला गोड आहे, पण अपुरा. एखादी रिक्षा नाशिकभर एकदा फिरून आली आणि उरलेला दिवस सीबीएस बसस्थानकाला उभी राहिली, तरी ती सर्वसंचारीच. इथे प्रत्येक भागात त्याच्या आकाराच्या प्रमाणात वेळ गेला पाहिजे. आणि गोदावरीवरचे सगळे पूल बंद झाले, तर पंचवटीतली रिक्षा कितीही फिरवा, तिच्या मीटरवरून जुन्या नाशिकचं काहीच कळणार नाही. रचनेचे असे दोन तुटक भाग पडता कामा नयेत, ही एर्गॉडिक असण्याची अट. ‘सर्वसंचारी’त ‘सर्व’ आहे, हे प्रमाण नाही.

तेव्हा ‘एर्गॉडिक’ तसाच राहू द्या आणि तो पहिल्यांदा येईल तिथे लिहा: ‘जिची कालसरासरी आणि समूहसरासरी एकच असते अशी’.