लॅसन, क्रेटर लेक आणि पाच लाखांचं कर्ज

प्रश्न: आम्ही नाशिकचं जोडपं, वय ३४ आणि ३२. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,६५,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता ४२,०००, एसआयपी ३०,०००, घरखर्च साधारण ६०,०००. अडीअडचणीसाठी एफडीत ६ लाख आहेत आणि फिरण्यासाठी वेगळे साठवलेले साडेचार लाख. अमेरिकेचा व्हिसा दोघांकडे आहे. येत्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून मोटरहोम (आत झोपायची-शिजवायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घ्यायची, लॅसन, लाव्हा बेड्स, क्रेटर लेक, माउंट रेनिअर असा ज्वालामुखींचा पट्टा बघत जायचं आणि गाडी सिअ‍ॅटलला सोडायची, असा १४ दिवसांचा बेत आहे. जमलं तर यलोस्टोनही करायचंय. त्यासाठी ५ लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळतंय. घ्यावं का? हप्त्यासाठी एसआयपी अर्धी करावी का?

उत्तर: सहल तुम्हाला परवडते. कर्जाची गरज पडतेय ती मोटरहोममुळे, म्हणून आधी तिचाच हिशेब करू. सगळीकडे डॉलर ९५ रुपये धरलाय.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये ठळक अक्षरात रोजचं १६५ डॉलर भाडं आहे. १४ दिवसांचे २,३१० डॉलर, म्हणजे २,१९,४५० रुपये, आणि तुमच्या बजेटमध्ये तेवढेच धरलेत. खालच्या बारीक ओळी वाचा. मैलामागे ४० सेंट वेगळे. तुमचा रस्ता आतल्या फिरण्यासकट १,४०० मैलांच्या आसपास जातो, म्हणजे ५६० डॉलर. अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांचा संच २०० डॉलर. गाडी दुसऱ्या शहरात सोडायचे ५००. विमा रोजचा ३०, म्हणजे ४२०. झाले ३,९९०. मोटरहोम गॅलनला जेमतेम ९ मैल देते. १,४०० मैलांना १५५ गॅलन, गॅलनला सरासरी ४.७० डॉलर धरले तर ७३० डॉलरचं पेट्रोल. कॅम्पसाइटचे रात्रीला ४५ प्रमाणे ६३०. एकूण ५,३५० डॉलर, म्हणजे ५,०८,२५० रुपये. यात टॅक्स धरलेलाच नाही.

एवढे पैसे मोजून हातात काय येतं, तेही बघा. लॅसनच्या मॅन्झानिटा लेक कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला वीज-पाण्याची जोडणी नाही. जनरेटर लावायला ठरावीक तास असतात. म्हणजे ज्या सोयींसाठी मोटरहोम घेताय, त्यातल्या बऱ्याच सोयी नेमक्या पार्कात वापरता येत नाहीत. शिवाय प्रत्येक छोट्या फेरीला अख्खं घर बरोबर हाकायचं, आणि घाटरस्त्यावर डावीकडे बसून उजव्या बाजूने २५ फुटी गाडी चालवायची सवय आपल्यापैकी कुणालाच नसते. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असते तर मी वेगळं सांगितलं असतं. तुम्ही दोघंच आहात आणि धडधाकट आहात.

आता साधी गाडी आणि तंबू. मार्ग थोडा बदला: सॅन फ्रान्सिस्को, लॅसन, लाव्हा बेड्स, क्रेटर लेक, तिथून शंभरेक मैलांवरचं न्यूबेरी, आणि परत सॅन फ्रान्सिस्को. रेनिअर सुटतो, हे मान्य. पण गाडी जिथून घेतली तिथेच परत केल्याने दुसऱ्या शहरात सोडायचे पैसे वाचतात आणि दोन दिवस नुसत्या हायवेवर जात नाहीत. न्यूबेरीच्या मोठ्या ऑब्सिडियन प्रवाहावर काळ्या काचेच्या दगडांतून चालता येतं. तो प्रवाह सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचा आहे. रेनिअरऐवजी हे बघितलंत तर पैसे फुकट गेले असं वाटणार नाही.

छोटी एसयूव्ही, गाडीच्या नुकसानीचा आणि तिसऱ्या पक्षाचा असे दोन्ही विमे धरून, रोजचे ८५ डॉलर: १४ दिवसांचे १,१९०. साधारण १,३०० मैलांना २८ च्या ॲव्हरेजने ४६ गॅलन, म्हणजे २१८ डॉलर. दहा रात्री तंबू, रात्रीला ३५ प्रमाणे ३५०. चार रात्री मोटेल, १४० प्रमाणे ५६०. तिथे घ्यायचं सामान १५०. एकूण २,४६८ डॉलर, २,३४,४६० रुपये. मोटरहोमपेक्षा पावणेतीन लाखांनी कमी. तुमच्या कर्जाचा निम्म्याहून जास्त भाग इथेच संपला.

उरलेला हिशेब असा. तुम्ही सांगितलेली दोघांची विमानाची तिकिटं २,६०,०००. दोघांचं खाणंपिणं रोज ४५ डॉलर, १५ दिवसांचे ६४,१२५. स्टोव्हवर स्वतः शिजवलंत तर यात आरामात भागतं. पार्कांची प्रवेश फी ८,०७५. प्रवास विम्याला ८,०००, गाडी चालवायच्या आंतरराष्ट्रीय परवान्यांना २,०००. गाडी-तंबूसकट बेरीज ५,७६,६६०. यावर ५०,००० राखीव ठेवा, त्याचं कारण पुढे सांगतो. म्हणजे साधारण सव्वासहा लाख.

तुमच्याकडे साडेचार लाख आहेत. कमी पडतात १,७७,०००. पगारातून हप्ता, एसआयपी आणि घरखर्च जाऊन महिन्याला ३३,००० उरतात. त्यातले २५,००० फेब्रुवारी ते ऑगस्ट बाजूला काढले की १,७५,००० जमतात. एसआयपीला हात लागत नाही, एफडीलाही नाही. ती एफडी तुमच्या हप्ता आणि घरखर्चाच्या जेमतेम सहा महिन्यांची आहे. ती सहलीत गेली आणि परत आल्यावर दोघांपैकी एकाची नोकरी अडखळली, तर घराचा हप्ता कुठून भरणार?

कर्जाचंही स्पष्ट सांगतो. ५ लाख, १३ टक्के, ३६ महिने: हप्ता १६,८४७ रुपये, एकूण व्याज १,०६,५०० च्या घरात, प्रोसेसिंग फी वेगळी. चौदा दिवसांच्या मजेसाठी तीन वर्षं हप्ता, आणि व्याजात जवळजवळ एका तिकिटाचे पैसे. हे करू नका.

यलोस्टोनचा मोह आवरा. क्रेटर लेकहून ते साडेसातशे मैलांच्या पुढे आहे, म्हणजे एका बाजूला दीड-दोन दिवसांचं ड्रायव्हिंग. आणि २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी नियम बदललेत. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन धरून अकरा गर्दीच्या पार्कांत, वार्षिक पास नसेल तर नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जादा लागतात. म्हणजे यलोस्टोनला गाडीचे ३५ आणि तुम्हा दोघांचे २००. परदेशी लोकांचा वार्षिक पास २५० डॉलरला आहे. ८० डॉलरचा पास फक्त तिथल्या रहिवाशांना मिळतो, तेव्हा जुने व्हिडिओ बघून तो आकडा धरू नका. लॅसन ३०, लाव्हा बेड्स २५, क्रेटर लेक ३०: या तिन्हींची मिळून फी ८५ डॉलर होते आणि ही ठिकाणं त्या अकरांत नाहीत. त्यामुळे पास घ्यायचं कारणच उरत नाही, दारावर गाडीची फी भरा. यलोस्टोन घातलंत तर मात्र पास स्वस्त पडेल. ती सहल वेगळी करा, दोन-तीन वर्षांनी.

क्रेटर लेकला बोटीत बसायचं तुमच्या यादीत आहे, ते काढून टाका. तळ्याच्या पाण्यापर्यंत उतरणारी एकमेव वाट, क्लीटवुड कोव्ह, दुरुस्तीसाठी २०२६ पासून काही उन्हाळे बंद आहे, आणि तिच्याबरोबर बोटीही. माझामा नावाचा पर्वत सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी स्फोटानंतर आत कोसळला आणि त्या खळग्यात हे ५९४ मीटर खोल तळं साचलं. ते वरून, कड्यावरूनच बघायचं. पाण्याला हात लावणं हेच तुमचं स्वप्न असेल तर सहलच पुढे ढकला. दृश्य पुरेसं असेल तर जा. कड्यावरून तळ्याभोवती फिरणारा ३३ मैलांचा रस्ता, रिम ड्राइव्ह, छोट्या गाडीतून निवांत होतो.

राखीव ५०,००० कशाला? सप्टेंबरात गर्दी कमी होते, पण वणव्यांचा मोसम संपलेला नसतो. २०२१ च्या डिक्सी वणव्यात लॅसन पार्कचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग होरपळला. वणवा दूर असला तरी धुराने तीन-चार दिवस खराब होऊ शकतात. अशा वेळी तंबू गुंडाळून किनाऱ्याकडे रेडवुडच्या जंगलात उतरायचं आणि मोटेल घ्यायचं, त्याचे हे पैसे. लॅसनच्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडतं, म्हणजे तुमच्यासाठी मार्चमध्येच. तिथे तुम्ही रद्द केलंत तर १० डॉलर जातात, ऐन वेळी केलंत तर पहिली रात्रही जाते. कॅम्पग्राउंड त्यांनीच बंद केलं तर पैसे परत मिळतात. मोटेलं मात्र फुकट रद्द होणारीच घ्या, थोडी महाग पडली तरी.

सामानात पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही? तंबू इथूनच न्या. अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण आपल्या तिकिटावर ते तपासून घ्या. खर्च करा तो स्लीपिंग बॅगवर आणि खालच्या मॅटवर. लॅसनचं मॅन्झानिटा लेक आणि क्रेटर लेकचं माझामा, दोन्ही कॅम्पग्राउंड सहा हजार फुटांच्या आसपास आहेत. सप्टेंबरच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. बॅगेवर ‘कम्फर्ट’ शून्य अंश लिहिलेलं बघा. ‘लिमिट’चा आकडा धरलात तर रात्रभर कुडकुडाल. मॅट पातळ असेल तर महागडी बॅगही उपयोगाची नाही, कारण थंडी जमिनीतून येते. आधी दोन रात्री भंडारदऱ्याला, थंडी असेपर्यंत, हाच संच वापरून बघा. जे नको वाटेल ते आताच कळेल. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, आणि वापरलेला स्टोव्हही इंधनाच्या वासामुळे अडवला जातो. दोन्ही तिथेच घ्या. क्रेटर लेक ज्या राज्यात आहे त्या ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही, पण पहिला मुक्काम कॅलिफोर्नियात असल्याने हे सामान तिथेच घ्यावं लागेल. लॅसनमध्ये खाण्याचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत ठेवायचं. अस्वलाने फोडलेल्या गाडीच्या दारावरून भाड्याच्या कंपनीशी वाद घालत बसण्यापेक्षा ते बरं.

विम्यात काटकसर नको. प्रवास विमा दोघांना प्रत्येकी किमान अडीच लाख डॉलरचा असू द्या आणि ‘साहसी खेळ’ वगळणारं कलम वाचा. आखलेल्या वाटेवरची पायपीट त्यात येते की नाही, ते कंपनीकडून लेखी घ्या. लॅसनमधल्या बंपस हेल या उकळत्या चिखलाच्या जागेला ज्याचं नाव आहे, त्या बंपसचा पाय वरचा पातळ पापुद्रा फुटून आत गेला आणि पुढे तो कापावा लागला. तिथे लाकडी पायवाट सोडायची नाही. गाडीच्या भाड्यात तिसऱ्या पक्षाचा विमा १० लाख डॉलरपर्यंत आहे ना, ते बघा. परदेशी ग्राहकांसाठीच्या दरात तो बऱ्याचदा धरलेला असतो; काउंटरवर घेतला तर महाग पडतो.

राहिलं पैसे देण्याचं. गाडीची अनामत गाडी चालवणाऱ्याच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर ठेवा. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी डॉलर भरून ठेवलेलं कार्ड, बरेच जण नाकारतात, घेतलं तर रक्कम कित्येक दिवस अडकते. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, आणि वर जीएसटी लागतो, म्हणून बिनमार्कअपचं एक कार्ड आताच काढून ठेवा. मशीनने ‘रुपयांत देता का’ विचारलं तर डॉलरच निवडा. आणि पेट्रोल पंपावरचं मशीन झिप कोड (तिथला पिनकोड) मागून आपलं कार्ड बऱ्याचदा नाकारतं. तसं झालं तर आत जायचं, काउंटरवर पंपाचा नंबर सांगायचा, ४० डॉलर आधी भरायचे. टाकीत कमी मावलं तर उरलेले कार्डावर परत येतात.