गणित जेमतेम असेल तर जेनेटिक अल्गोरिदम झेपेल का?

तुम्ही विचारलंय की जेनेटिक अल्गोरिदम आणि जेनेटिक प्रोग्रॅमिंग हा ऐच्छिक विषय घ्यावा का. गणित जेमतेम आहे आणि जीवशास्त्र शाळेतच सुटलंय. मी घेतला होता. घ्या.

जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे एका प्रश्नाची बरीच उत्तरं घ्यायची, त्यातली चांगली निवडायची आणि त्यांची सरमिसळ करत पिढ्यानपिढ्या सुधारत न्यायची. जीवशास्त्राची काळजी सोडा. गुणसूत्र, संकर वगैरे नावं उसनी आणलेली आहेत, पहिल्या आठवड्यानंतर त्यांचा जीवशास्त्राशी फारसा संबंध उरत नाही. गणितात संभाव्यता बरी हवी, कारण जॉन हॉलंड यांचा स्कीमा थिअरम (चांगल्या उत्तरांतले छोटे तुकडे पुढच्या पिढ्यांत का वाढतात ते सांगणारं प्रमेय) त्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

खरी मेख फिटनेस फंक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक उत्तराला गुण देणाऱ्या सूत्रात आहे. प्रोजेक्टसाठी मी तासांचं वेळापत्रक लावायला घेतलं होतं. एका खोलीत एकाच वेळी दोन तास आले की एक गुण वजा, इतका साधा हिशोब. रात्रभर प्रोग्रॅम चालला, सकाळी बघतो तर टक्कर शून्य! आनंदाने वेळापत्रक उघडलं तर ते जवळपास कोरं. म्युटेशनला (उत्तरात अधूनमधून केलेल्या रँडम बदलाला) तास गाळायची मुभा मीच दिली होती आणि गाळलेल्या तासाला दंड लावायला विसरलो होतो. तासच नाहीत तर टक्कर कुठून होणार? बिचाऱ्या अल्गोरिदमने मी मागितलं तेच दिलं होतं.

क्रॉसओव्हर, म्हणजे दोन उत्तरांचे तुकडे जोडून नवं उत्तर बनवणं, मात्र वहीत करून बघा, नुसतं वाचून कळत नाही. पाच शहरांच्या फेरीचे दोन मार्ग घ्या: १-२-३-४-५ आणि ३-५-१-२-४. तिसऱ्या शहरानंतर कापून जोडलं की अपत्य येतं १-२-३-२-४. दोन नंबरच्या शहरात दोनदा गेलो, पाच राहूनच गेलं. म्हणून अशा प्रश्नांना ऑर्डर क्रॉसओव्हरसारखी, प्रत्येक शहर एकदाच येईल अशी वेगळी पद्धत लागते. ही खोच एकदा हाताला लागली की पुढचा निम्मा अभ्यासक्रम सोपा जातो.

जेनेटिक प्रोग्रॅमिंगमध्ये आकड्यांच्या माळेऐवजी आख्खे प्रोग्रॅम झाडांच्या रूपात (फांद्या फुटत जाणाऱ्या आकृतीसारखे) वाढवतात. जॉन कोझा यांच्या १९९२ च्या पुस्तकाने ते रुळलं. तिथे शून्याने भागायची वेळ आली तर उत्तर १ धरतात, आणि झाडाची खोली १७ पर्यंतच वाढू देतात. का, ते पहिल्याच रनमध्ये दिसेल: झाडं कामाशिवाय फुगत जातात, (क्ष − क्ष) अशा बिनकामाच्या फांद्या लटकत राहतात. याला ब्लोट म्हणतात आणि तो फार पिडतो.

हे सगळं खेळणं वाटत असेल, तर नासाच्या एसटी५ उपग्रहांचा अँटेना शोधून बघा. २००६ मध्ये अवकाशात गेला. दिसतो वेड्यावाकड्या मोडलेल्या तारेसारखा, पण त्याचा आकार याच पद्धतीने निघालाय. अर्थात प्रत्येक प्रश्नाला हेच औषध नाही. साधं हिल क्लाइंबिंगही (एकच उत्तर घेऊन ते थोडं थोडं सुधारत जाणं) शेजारी चालवून तुलना करा. आमच्या वर्गात दोघांचे प्रोजेक्ट तिथेच आडवे झाले.

पहिला प्रोग्रॅम लायब्ररीशिवाय लिहा, शंभरेक ओळींत होतो. प्रत्येक प्रयोग निदान तीस वेळा चालवा, एका रनवर काही सिद्ध होत नाही. आणि रँडम सीड (रँडम आकड्यांची माळ जिथून सुरू होते तो आकडा) न विसरता लिहून ठेवा. माझा सगळ्यात चांगला निकाल मला परत कधीच काढता आला नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमका तोच चालवून दाखवायला सांगितला.