मुलाच्या थेरपीने फरक पडतोय की नाही हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या मुलाला रागासाठी पाच महिने काउन्सेलरकडे नेताय, त्या म्हणतात छान प्रगती आहे, सासूबाई म्हणतात काडीचा फरक नाही, मग खरं कोणाचं मानायचं. मी मुलांच्या क्लिनिकमध्ये काम करते. माझं ऐकाल तर दोघींपैकी कोणाचंच मानू नका, मोजा.

आमच्याकडे एक आई तिसऱ्या महिन्यात रडत आली, रोज दोनदा तोच आरडाओरडा, काही उपयोग नाही म्हणाली. पण तिला पहिल्या आठवड्यापासून वहीत लिहायला लावलं होतं, किती वाजता, कशावरून, किती मिनिटं आणि मग घरच्यांनी काय केलं. वही उघडली तर दिवसातून दोनदा हे खरंच होतं, पण आधी चाळीस मिनिटं चालायचं ते दहावर आलेलं, आणि बहुतेक वेळा मोबाईल काढून घेतल्यावरच. रोज तेच सोसणाऱ्या माणसाला हे दिसत नाही हो, तिची काही चूक नव्हती.

दुसरं, सुरुवातीला एसडीक्यू फॉर्म, म्हणजे मुलाच्या वागण्याबद्दल आणि भावनांबद्दलची छोटी प्रश्नावली, भरून घेतला होता का विचारा. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये मांडलेला, 25 वाक्यांचा, त्यातल्या 20 वाक्यांवरून त्रासाचा स्कोअर 0 ते 40 निघतो, पालकांच्या फॉर्मवर 17 किंवा वर आला तर जास्त धरतात. आधी तुम्ही भरला असेल तर आताही तुम्हीच भरा, बाबांनी नको, नाहीतर मुलातला फरक कुठला आणि भरणाऱ्यातला कुठला हे कळणारच नाही. शाळेतल्या बाईंचा फॉर्म वेगळा असतो आणि तो घरच्याशी जुळला नाही तर घाबरू नका, हे नेहमीचंच आहे. फक्त स्कोअरवरही जाऊ नका, कारण आपण मुलाला नेतो तेच सगळं हाताबाहेर गेल्यावर, त्यामुळे आकडा थोडा आपोआपही उतरतो.

आणि मुलालाही विचारा की तुला स्वतःला कशाचा त्रास होतो आणि 0 ते 10 मध्ये किती. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्याच्या संगथ संस्थेने दिल्लीतल्या सरकारी शाळांत किशोरवयीन मुलांसोबत काम केलं तेव्हा मुलांनी स्वतः सांगितलेल्या त्रासालाच असे आकडे देऊन फरक पाहिला होता.

एक मात्र आधीच सांगते, हट्ट पुरवणं बंद केलं की सुरुवातीचे काही दिवस आरडाओरडा वाढू शकतो, तेव्हा वही बंद करू नका. आज रात्रीपासूनच लिहायला लागा आणि दोन आठवड्यांनी ती वही काउन्सेलरसमोर ठेवा.