वाचकांचे प्रश्न: सरकार फी भरतं, बदल्यात काय मागतं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की अमेरिकेत अपंग माणसांना नोकरीला लावणाऱ्या काउन्सेलरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकार पैसे देतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे कारण तोच प्रश्न बहुतेकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलाय.

मुंबईत एमएसडब्ल्यू केलं, इथे एडिसनला येऊन सहा वर्षं झाली, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. मुलं शाळेत जातात. रिहॅब काउन्सेलिंगचं मास्टर्स करायचं मनात आहे. एका मैत्रिणीने सांगितलं की "सगळं फुकट असतं, फक्त अर्ज कर". खरंच फुकट असतं का? अडकायला तर होणार नाही ना? आणि माझ्या एमएसडब्ल्यूचा, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्सचा, इथे काही उपयोग होईल का? (एडिसन, न्यू जर्सीहून एक ताई)

ताई, फुकट हा शब्द आधी मनातून काढून टाका म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हे बॉण्डसारखं आहे. आपल्याकडे सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या पोरांना सरकारी दवाखान्यात सेवा द्यावी लागते ना, तसंच.

पैसे येतात कुठून ते आधी बघू. वॉशिंग्टनला शिक्षण खात्याच्या हाताखाली रिहॅबिलिटेशन सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आहे, सगळे आरएसए म्हणतात. १९७३ चा रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्ट आहे, त्यातल्या तरतुदीतून आरएसए युनिव्हर्सिट्यांना ग्रँट देतं, तुम्हाला थेट देत नाही. युनिव्हर्सिटी स्पर्धेतून ग्रँट मिळवते, आणि त्या पैशातला किमान ६५ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपवर खर्च करायचा असा नियम आहे. म्हणजे अर्ज करायचा तो युनिव्हर्सिटीच्या त्या डिपार्टमेंटकडे, आणि पहिला प्रश्न विचारायचा तो हाच की बाई तुमच्याकडे आत्ता आरएसएची लाँग टर्म ट्रेनिंग ग्रँट चालू आहे का आणि ती कुठल्या वर्षी संपते. ग्रँट ठरावीक वर्षांची असते, तुमच्या कोर्सच्या मधेच संपत असेल तर दुसऱ्या वर्षाचं काय ते प्रवेश घ्यायच्या आधीच ईमेलवर लिहून घ्या.

स्कॉलरशिपमधे ट्यूशन आणि फी येते, पुस्तकं येतात, काही ठिकाणी महिन्याचा स्टायपेंडही देतात.

आता बदल्यात काय. फुलटाइम शिकलात तर स्कॉलरशिपच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं फुलटाइम काम. दोन वर्षांचं मास्टर्स म्हणजे चार वर्षांची सेवा, आणि ती कोर्स संपल्यापासून सहा वर्षांच्या आत पूर्ण करायची, म्हणजे चार अधिक दोन वर्षांची सवड. काम पार्टटाइम केलं तरी चालतं पण मग फुलटाइमच्या हिशोबाने तेवढे तास भरायला लागतात, मुलं लहान असतील तर हे गणित आधीच मांडून बघा. काम कुठे करायचं, तर राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशन खात्यात, म्हणजे अपंग माणसांना नोकरीला लावणाऱ्या खात्यात (तुमच्या न्यू जर्सीत डीव्हीआरएस, आणि दृष्टिहीनांसाठी वेगळं कमिशन आहे) किंवा त्यांच्याशी जोडून याच लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत. प्रायव्हेट प्रॅक्टिस काढून बसलात आणि त्या खात्याशी काही संबंधच नसला तर ते धरत नाहीत.

आणि सेवा नाही केली तर? मग ती स्कॉलरशिप कर्ज होते, व्याजासकट परत करावी लागते. कायमचं अपंगत्व आलं तर माफी आहे, पुढे फुलटाइम शिकायला गेलात किंवा लष्करात गेलात तर मुदत पुढे ढकलता येते. पण "नोकरी आवडली नाही", "यांची बदली टेक्ससला झाली" ही कारणं चालत नाहीत. तसं टेक्ससमधेही खातं आहेच, राज्य बदललं म्हणून सेवा वाया जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

मी स्वतः याच वाटेने आले म्हणून कागदांबद्दल कळकळीने सांगते. कोर्स संपल्यावर पत्ता बदलला, नोकरी लागली, नोकरी सोडली की प्रत्येक वेळी कळवावं लागतं आणि जिथे काम करता त्यांनी तारखा आणि तास लिहून द्यावे लागतात. मी पहिली नोकरी जिथे केली तिथून निघताना ते पत्र घेतलं नाही, वाटलं काय घाई आहे, नंतर माझी तिथली साहेब रिटायर झाली आणि अकरा महिन्यांच्या कामाचं एक पत्र मिळवायला मला सात महिने फोन करायला लागले. त्या सात महिन्यांत झोप लागायची नाही कारण कागद नाही म्हणजे सेवा नाही, आणि सेवा नाही म्हणजे कर्ज. तेव्हा एक फाइल करा, करारावर सही कराल त्या दिवसापासून, आणि प्रत्येक नोकरीच्या शेवटच्या दिवशी पत्र हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

तुमच्या एमएसडब्ल्यूचं विचारलंत. कामाला येईल, वाया नाही. २०१४ मधे वायोआ नावाचा नोकऱ्या आणि प्रशिक्षणाबद्दलचा केंद्राचा कायदा आला त्यानंतर राज्यांना मोकळीक मिळाली की संबंधित विषयातली बॅचलर्स आणि कमीत कमी एक वर्षाचा अनुभव असलेला माणूसही काउन्सेलर म्हणून घेता येतो, आणि सोशल वर्क त्यात बसतं. पण प्रत्येक राज्य आपला दर्जा आपण ठरवतं, काही राज्यं अजूनही मास्टर्सच मागतात. आधी मुंबईच्या डिग्रीचं इव्हॅल्युएशन करून घ्या, मग खात्याच्या एचआरला विचारा. कदाचित असंही होईल की तुम्ही आधी नोकरीला लागाल आणि मास्टर्स नंतर कराल. मला विचाराल तर मास्टर्स कराच, कारण सीआरसीची परीक्षा, म्हणजे सर्टिफाइड रिहॅबिलिटेशन काउन्सेलर, त्याचा सरळ रस्ता तिथूनच जातो. ते सर्टिफिकेट देशभर ओळखतात, दर पाच वर्षांनी १०० तासांचं शिक्षण दाखवून ते टिकवावं लागतं.

एवढं शिक्षण लागतंच कशाला? माणसाला मदत करायची तर मन हवं. माझे सासरे ठाण्यात चाळीस वर्षं लोकांना नोकऱ्या लावून देत आले, कुठला कोर्स केला होता त्यांनी? (सॅन होजेहून एक दादा)

दादा, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, अशा माणसांमुळे कितीतरी घरं उभी राहिली. पण मी तुम्हाला माझ्या इंटर्नशिपमधला एक दिवस सांगते.

पन्नाशीचे एक गृहस्थ होते, डायबेटिसने नजर गेलेली, आयुष्य बेकरीत गेलेलं, परत बेकरीतच काम करायचं म्हणत होते. आम्ही त्यांना एका ट्रेनिंग किचनमधे घेऊन गेलो. ओव्हनपाशी पोचल्यावर मी अगदी प्रेमाने त्यांचा हात धरला आणि नॉबवर नेऊन ठेवला. त्यांनी हात मागे घेतला, बोलले काही नाहीत. माझी सुपरवायझर शांतपणे म्हणाली, त्यांना विचार. मी विचारलं, तुम्हाला कसं चालेल? ते म्हणाले, मला नॉबचा शून्य कुठे आहे तेवढं सांग, बाकी माझं मी बघतो. मग सुपरवायझरने पर्समधून नारिंगी रंगाचे छोटे चिकट ठिपके काढले, बंप डॉट म्हणतात त्यांना, मसुराच्या डाळीएवढे, एक शून्यावर लावला आणि एक ३५० डिग्रीवर. त्यांनी बोट फिरवलं, पहिल्या ठिपक्यावर थांबले, दुसऱ्यावर थांबले, परत मागे आले, असं तीन वेळा केलं. आणि मग पिठाचं विचारायला लागले.

मन माझ्याकडेही होतं, दादा. तरी मी त्या माणसाचा हात न विचारता धरला. आणि ते ठिपके मला माहीतच नव्हते, दोन-चार डॉलरची वस्तू, पण ती माहीत नसलेला काउन्सेलर फाइलवर लिहून मोकळा झाला असता की दृष्टी नसल्यामुळे ओव्हनचं काम शक्य नाही. एक वाक्य लिहिलं की माणूस दहा वर्षं घरी बसतो. म्हणून मान्यताप्राप्त कोर्समधे १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते, कुणीतरी जाणतं माणूस शेजारी उभं राहून आपल्या चुका बघत असतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला सूचना कशा द्यायच्या, मनाचा आजार असलेल्याने मालकाला काय सांगायचं आणि काय सांगायची गरज नाही, पाठीचं ऑपरेशन झालेला माणूस सलग किती वेळ उभा राहू शकतो आणि बाजारात त्याच्या जोगं काम कुठलं आहे, हे शिकावंच लागतं.

हे सरकारलाही एका दिवसात कळलं नाही. सैनिक नसलेल्या, साध्या अपंग माणसांसाठीचा पहिला कायदा २ जून १९२० चा, पण युनिव्हर्सिट्यांना काउन्सेलर तयार करायला पैसे मिळायला लागले ते १९५४ च्या दुरुस्तीनंतर, त्यामागे मेरी स्वित्झर नावाची अधिकारी बाई होती, मला तिच्याबद्दल फार आदर आहे. आणि राज्यांनी आपल्या माणसांच्या शिक्षणाचा दर्जा ठरवून तो पाळलाच पाहिजे हे कायद्यात घट्ट बसलं १९९२ च्या दुरुस्तीत. त्यानंतर जुन्या काउन्सेलरांना नोकरी सांभाळून मास्टर्स करायला लागलं, चाळिशी-पन्नाशीतली माणसं रात्री ऑनलाइन असाइनमेंट करायची. दर्जा मागायचा आणि फी माणसाच्या डोक्यावर टाकायची असं करून चाललं नसतं, कारण राज्याच्या खात्यातला पगार काही मोठा नसतो. म्हणून ही ग्रँट लागते, आणि ती कापायची भाषा जेव्हा जेव्हा होते तेव्हा मला त्या ओव्हनपुढचे गृहस्थ आठवतात.

मुलगा १७ वर्षांचा, ऑटिझम आहे. दोन वर्षांत तिसरा काउन्सेलर आला. दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. नवीन मुलगी चांगली आहे पण अगदीच नवखी वाटते. शिकलेला माणूसच पाहिजे असं आम्ही मागू शकतो का? (राज्य छापू नका)

काकू, पत्र वाचून पोटात कालवलं. लेकाची तीच गोष्ट तिसऱ्यांदा परक्या माणसाला सांगणं काय असतं ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने रोज बघते.

काउन्सेलर टिकत नाहीत त्याला पगार आणि एकेकाच्या अंगावर असलेल्या फाइलींचा ढीग ही मोठी कारणं आहेत. वर सांगितलेला सेवेचा करार याच दुखण्यावर आहे, चार वर्षं तरी शिकलेलं माणूस या कामात राहावं म्हणून. एकाच खुर्चीत राहील याची हमी मात्र तो देत नाही.

काउन्सेलर बदलून मागता येतो, तुम्ही तो हक्काने मागा, पण मी असते तर या मुलीला थोडा वेळ दिला असता. नवखी आहे म्हणजे कदाचित नुकतीच शिकून आली असेल. तिला सरळ विचारा, तुमची सुपरवायझर कोण, आमच्या फाइलवर त्यांची नजर आहे का. यात अपमान काही नाही. आणि दोन आकडे वहीत लिहून ठेवा. अर्ज केल्यापासून ६० दिवसांत पात्रता ठरवायची असते आणि पात्र ठरल्यापासून ९० दिवसांत त्याचा नोकरीचा प्लॅन, आयपीई म्हणतात तो. काउन्सेलर बदलला म्हणून हे दिवस परत एकपासून मोजायचे नसतात. तुमच्या संमतीशिवाय मुदत वाढवत असतील तर प्रत्येक राज्यात क्लायंट असिस्टन्स प्रोग्रॅम असतो, कॅप, तिथे फोन करा, पैसे लागत नाहीत.

तो अजून शाळेत आहे तोवर प्री-एम्प्लॉयमेंट सेवा मागून घ्या. राज्याला मिळणाऱ्या केंद्राच्या पैशातले किमान १५ टक्के अशा शाळेतल्या मुलांसाठी राखलेले असतात, कामाच्या जागी जाऊन अनुभव घेणं त्यात येतं.

आणि एक माझ्या अनुभवातलं. एका पानावर त्याच्याबद्दल लिहून ठेवा, निदान नको, ते फाइलीत असतंच. त्याला कुठल्या आवाजाने त्रास होतो, कशाने शांत होतो, कुठल्या कामात तास न् तास रमतो. ते पान तो स्वतः देऊ दे काउन्सेलरच्या हातात. चौथा माणूस आला तरी कहाणी तुम्हाला सांगावी लागणार नाही.

नाशिकला स्पेशल स्कूलमधे काम करते, सायकॉलॉजीत बीए आहे. ही स्कॉलरशिप घेऊन अमेरिकेत शिकता येईल का? आणि आपल्याकडे असं काही आहे का?

स्कॉलरशिप नाही मिळणार. ती अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांच्यासाठी आहे. एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आलात तर नाही, आणि एच-४ वरच्या, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे इथे असलेल्या, ज्या तिघींनी विचारलंय त्यांनाही हेच उत्तर. युनिव्हर्सिटीची स्वतःची असिस्टंटशिप मिळू शकते, ती वेगळी चौकशी करावी लागेल.

आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद आहे, आरसीआय. तिचा कायदा १९९२ चा, लागू झाला १९९३ मधे. व्होकेशनल काउन्सेलर आणि रिहॅब काउन्सेलर दोन्ही तिच्या यादीत आहेत, आरसीआयने मान्य केलेला कोर्स करून केंद्रीय रजिस्टरमधे नाव घालावं लागतं आणि नावाशिवाय काम करणं कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या शाळेत तुमचं नाव कुठल्या शिक्षणावर लागलंय ते आधी तपासा, कारण नुसत्या बीएवर रजिस्ट्रेशन होत नाही. डिप्लोमा इन व्होकेशनल रिहॅबिलिटेशन हा आरसीआयचा कोर्स आहे, तुमच्या कामाला जवळचा, यंदा तो कुठे चालू आहे ते परिषदेच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत बघा. यादीत नाव नसलेल्या संस्थेला एक रुपयाही देऊ नका, कितीही चकाचक माहितीपत्रक असलं तरी.

आणि एकदा मुंबईला सायनचं केंद्र बघून या. १९६८ साली मुंबई आणि हैदराबादला व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाली त्यातलं हे, आता नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर म्हणतात. श्रम मंत्रालयाचं आहे, फी नाही. तिथे माणसाचं मूल्यमापन कसं करतात ते एक दिवस बसून बघायची परवानगी मागा, शाळेच्या लेटरहेडवर पत्र न्या, आणि शाळेतून बाहेर पडायला आलेली तुमची मुलं असतील तर त्यांच्यासाठी काय करता येईल तेही त्याच फेरीत विचारून घ्या.