ठाणे ते न्यूयॉर्क : तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नका

तुमचा प्रश्न असा की, आईबाबांना पहिल्यांदाच ठाण्याहून न्यूयॉर्कला बोलावताय, अंतर किती, आणि तिकिटावर जाताना साडेसहा तास अन् येताना चोवीस तास कसे दिसतात?

आमच्याकडे हेच झालं होतं. लेकीनं तिकीट पाठवलं : रात्री १ ला मुंबई, सकाळी ७.३० ला न्यूयॉर्क. ह्यांनी लगेच हिशोब मांडला, "साडेसहा तास? अगं, कोकणकन्याला याहून जास्त लागतात!"

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास. म्हणजे तिथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे ५. झाले १६ तास. परतताना रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी रात्री ८ ला उतरलो, प्रत्यक्ष प्रवास साडेचौदा तासांचा. नोव्हेंबर ते मार्च हा फरक साडेदहा तासांचा होतो, तेव्हा आकडे पुन्हा बदलतात.

म्हणजे कागदावर दिसतं त्याच्या उलट, जातानाच जास्त वेळ लागतो. कारण वारा. विमानाच्या उंचीवर, साधारण १० किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. थंडीत त्यांचा जोर आणखी वाढतो.

अंतर सरळ धरलं तर सुमारे १२,५०० किलोमीटर. ही 'सरळ' रेघ नकाशावर शोधू नका. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कला दोरा ताणून धरा, तो अरबस्तानावरून न जाता पार वर, ग्रीनलंडच्या बाजूनं जातो. मी भाजीच्या जुडीचा दोरा घेऊन पाहिलंय! अर्थात विमान दोऱ्यावरून चालत नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा त्या कंपन्यांना वळसा आला. तिकीट काढताना तासांचा आकडा बघाच.

थेट विमान नसेल तर वीस-चोवीस तास धरा. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. वयस्कर माणसांना ते बरं, पलीकडे उतरल्यावर रांग नाही.

आता खरा प्रवास. आम्ही कासारवडवलीला राहतो. रात्री १ च्या विमानासाठी संध्याकाळी ७ ला घर सोडलं. घोडबंदर रोड, मग ईस्टर्न एक्स्प्रेस, मग पवईची रांग, सहारला पोचेपर्यंत साडेनऊ. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनमध्ये दीड तास. दारातून निघून लेकीला भेटेपर्यंत साडेतेवीस तास! आणि हो, १२ तारखेचं रात्री १ चं विमान म्हणजे ११ ला संध्याकाळी निघायचं. यात भलेभले चुकतात. विमानतळाचं नावही नीट वाचा, आता नवी मुंबईचाही आहे. सहारऐवजी उलव्याला पोचलात तर पंचाईत.

बाबांची रोजची गोळी असेल तर त्या दिवशी 'सकाळ' कुठली धरायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. ह्यांच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा, बाहेर कोवळं ऊन, आणि बीपीची गोळी घ्यायची की नाही यावर आम्ही दोघं सामानाच्या पट्ट्यापाशी भांडत उभे.