विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी कशी?

प्रश्न : भातकापणीत शेजारच्या मुलाला लाल विंचू चावला. जागा फारशी ठणकत नव्हती, तरी डॉक्टरांनी ठेवून घेतले आणि रक्तदाबाची गोळी दिली. ती कशासाठी? – एक वाचक, दापोली

उत्तर : ठणका कमी म्हणून निर्धास्त राहू नये. विष अंगात भिनलेल्यांत जागेची वेदना पुष्कळदा थोडीच असते. हे विष नसांतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात बेसुमार सुटतात. उलट्या, दरदरून घाम, मुलग्यांत लिंग ताठ होणे ही पहिली लक्षणे. मग हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. शेवटी हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मृत्यू येतो तो यामुळेच.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांजवळ बसून हा क्रम टिपला. १९८२ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनी वापरून पाहिली. त्यावरचा लेख १९८६ चा. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत. ज्या काळी अशा केंद्रात साधनांची वानवा होती, त्या काळी स्वस्त गोळीने हे मृत्यू घटवले, याचे मोल कोकणाने विसरू नये.

मात्रा साधारण अशी : मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम, मुलांना २५०, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी. हळूहळू विरघळणारी ‘एक्सएल’ गोळी इथे चालत नाही. ॲट्रोपिन तर टाळावेच, त्याने हृदयाची धडधड आणखी वाढते. २०११ मध्ये महाड भागातल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली, तेव्हा रुग्ण आणखी लवकर सावरले.

प्रश्न : मग ही गोळी घरात ठेवावी का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : नको. पहिल्या मात्रेनंतर उठून बसले तरी रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून ती आडवे ठेवून आणि रक्तदाब मोजत द्यावी लागते. जागा बांधणे, कापणे, मांत्रिकाच्या उताऱ्यासाठी थांबणे यात फक्त वेळ जातो. आडवे झोपवूनच दवाखान्यात न्या. चावल्याची वेळ आणि उलटी, घाम कधी सुरू झाला ते सांगा. गडग्याचे चिरे किंवा लाकडाची रास हलवताना हात घालण्याआधी काठीने चाळवून घ्या.